विहिरीत दोर कुणी सोडायचा?

परवा काही कामानं नगरला गेलो होतो. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण एसटीत तिकीट मागताना अजून तोंडात 'नगर'च येतं.) बाजारात एका स्टेशनरीच्या दुकानात वह्या घेत उभा होतो. शेजारी एक गृहस्थ घाईघाईनं आले आणि म्हणाले, "नववीचा पाण्यावरचा प्रोजेक्ट आहे का?" दुकानदारानं वर न बघताच विचारलं, "नुसती चित्रं देऊ का लिहिलेला देऊ?"

"लिहिलेलाच द्या. उद्या जमा करायचाय."

मला आधी हसू आलं आणि लगेच लाज वाटली. कारण त्या गृहस्थांच्या मुलाकडे तो प्रोजेक्ट मागणारा शिक्षक माझ्यासारखाच कुणीतरी असणार. मी स्वतः कितीतरी वर्षं असे प्रोजेक्ट तपासले आहेत. तपासले म्हणजे काय, मुखपृष्ठ पाहिलं, पानं मोजली, लाल पेनानं सही केली. 'प्रस्तावना', 'ऋणनिर्देश', 'निष्कर्ष' सगळं जागच्या जागी. चाळीस मुलांचा निष्कर्ष एकच: 'पाणी हे जीवन आहे.' आता तर दुकानात जायचीही गरज उरलेली नाही. मोबाईलला सांगितलं की मिनिटाभरात तो शुद्ध मराठीत दहा पानं लिहून देतो, ऋणनिर्देशासकट!

बी.एड.ला असताना आम्ही 'प्रकल्प पद्धती' पाठ केली होती. किलपॅट्रिक, १९१८. त्याच्या सगळ्या मांडणीत मुलाचा हेतू आणि मनापासून करणं याला महत्त्व आहे. परीक्षेत मी ते व्यवस्थित लिहिलं, मार्कही मिळवले आणि शाळेत रुजू झाल्यावर विसरून गेलो. मुलांना विषय मी द्यायचा, मुद्दे मी द्यायचे, तारीख मी द्यायची, मग त्यात मुलाचा हेतू कुठून येणार? त्याचा हेतू एकच, उद्या जमा करणं. तो त्यानं प्रामाणिकपणे पूर्ण केला, दुकानातून आणून. मुलं फसवतात असं आपण म्हणतो, पण फसवाफसवीचा पहिला धडा आपणच दिलेला असतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत केलेला एक खटाटोप. शाळा पारनेर भागातली, माध्यमिक. मी विज्ञान शिकवतो. राज्यात २०२०-२१ पासून नववीला 'जलसुरक्षा' हा विषय आला, पुढच्या वर्षी दहावीला. पुस्तकात पाण्याचा ताळेबंद आहे, पाऊस मोजणं आहे, सगळं चांगलं आहे. आणि आमच्या जिल्ह्याइतकी या विषयाला योग्य प्रयोगशाळा कुठली? अकोल्याच्या पश्चिमेला घाटघर-रतनवाडीकडे काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात पारनेर-पाथर्डीकडे काहीशेवर भागवावं लागतं. शिवाय हिवरे बाजार आमच्याच जिल्ह्यातलं. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथं सरपंच झाले. त्यानंतर गावानं ठरवलं की सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती आहे, माणसांना-जनावरांना किती लागेल आणि उरलेल्यात रब्बीला काय पेरायचं.

आमच्या शाळेची सहल तिथं जाऊन आली आहे. मुलांनी फोटो काढले, फलक उतरवून घेतले आणि त्याचाही प्रोजेक्ट झाला! हिवरे बाजारचं वैशिष्ट्य काय, तर गाव स्वतःचं पाणी स्वतः मोजतं आणि त्या आकड्यावर स्वतःचा निर्णय घेतं. आम्ही काय केलं, तर त्यांचे आकडे उतरवून आणले. हे म्हणजे शेजाऱ्याचा ताप मोजून स्वतः औषध घेण्यासारखं.

तर त्या जूनमध्ये मी नववीच्या वर्गात नेहमीप्रमाणे फळ्यावर लिहिलं, 'आपल्या गावातील जलसंवर्धन'. खाली सहा मुद्दे. मुलं उतरवून घेत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, आमची विहीर फेब्रुवारीत आटते, पण शेजारच्यांची एप्रिलपर्यंत पाणी देते. मधे नुसता बांध आहे. असं का?"

मी म्हणालो, चांगला प्रश्न आहे, नंतर बघू. (शिक्षकांचं हे 'नंतर बघू' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच.) पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण मला उत्तर येत नव्हतं! आपल्याकडचा काळा पाषाण, त्यातल्या भेगा, पाणी त्या भेगांतून कसं फिरतं, एवढं पुस्तकी उत्तर देता आलं असतं. पण त्या दोन विहिरींचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचे सहा मुद्दे पुसले आणि तिचा प्रश्न लिहिला.

मुलांनी चौदा विहिरी निवडल्या. मी दोनच अटी घातल्या. ज्या विहिरीला कठडा नाही तिथं जायचं नाही आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय विहिरीत दोर सोडायचा नाही. बाकी सगळं त्यांचं. दोराला दगड बांधायचा का लोखंडी नट, कुठल्या वारी मोजायचं, कुणी कुठली विहीर घ्यायची, सगळं.

पहिली अडचण अगदी वेगळीच आली. म्हातारी माणसं विहिरीची खोली परसात सांगतात. 'आमची हीर सात परस.' पण एक परस म्हणजे किती? कुणी म्हणालं पाच फूट, कुणी साडेपाच, एका आजोबांनी हात वर करून दाखवलं, "एवढं!" मुलं दोन दिवस त्यावरच भांडत होती. शेवटी त्यांनी ठरवलं की परस लिहून ठेवायचं, पण मोजायचं मात्र टेपनं मीटरमध्ये. मापाला एकक का लागतं हा धडा मी वीस वर्षं शिकवत आलो आहे. तो इतका चांगला कधीच शिकवून झाला नव्हता.

आता तंत्रज्ञानाविषयी. हल्ली शाळेत मोठा पडदा आला, टॅब आले की शाळा 'डिजिटल' झाली असं आपण समजतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राईझ मिळालं, तेव्हा आम्हा सगळ्या शिक्षकांची मान ताठ झाली होती. त्या कोडमुळे बाहेरचं जग पुस्तकातून वर्गात आलं. ते हवंच. पण प्रकल्पाला लागतं ते याच्या उलटं. मुलानं स्वतः पाहिलेलं, मोजलेलं वर्गाबाहेर जाऊन कुणाच्या तरी उपयोगी पडायला हवं. त्यासाठी किती यंत्रं लागतात? आमच्याकडे शाळेतला एक कॉम्प्युटर होता आणि घरोघरचे मोबाईल, तेही वडील सकाळी रानात घेऊन जाणारे. म्हणून नियम असा ठरला की आकडा आधी वहीत लिहायचा. मोबाईल फक्त तीन कामांना: विहिरीची जागा नकाशावर टिपायला, कठड्यावरच्या खुणेचा फोटो काढायला आणि जुन्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करायला. सोमवारी मधल्या सुट्टीत दोघा-दोघांनी शाळेतल्या कॉम्प्युटरवर आकडे भरायचे.

यात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. मोबाईल कायम मुलांच्या हातात आणि वही कायम मुलींच्या. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं होतं. मी ते वर्गात नुसतं बोलून दाखवलं. पुढच्या रविवारपासून अदलाबदल सुरू झाली, थोड्या कुरकुरीनंतर.

कॉम्प्युटरचा खरा उपयोग कळला तो ऑगस्टमध्ये. आठवडाभर चांगला पाऊस झाला होता आणि एका विहिरीचं पाणी ग्राफमध्ये जवळजवळ तीन मीटर खाली गेलेलं दिसत होतं. मुलं गोंधळली. एकानं सुचवलं, "सर, आकडा बदलू या का? चुकला असेल." मी म्हटलं, बदलू नका, शोधा. दोन दिवसांनी शोध लागला. त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती. विहिरीवरची मोटर रात्रभर चालली होती आणि आमच्या पोरांनी सकाळी मोटर बंद झाल्या झाल्या दोर सोडला होता. मग आणखी एक चूक सापडली. अर्धी मुलं कठड्यावरून मोजत होती आणि अर्धी जमिनीपासून! त्यामुळे आधीचे सगळे आकडे पुन्हा तपासावे लागले. प्रत्येक कठड्याची उंची मोजून वजा करावी लागली. मोटर किती वाजता बंद झाली, असा एक नवा रकाना आला.

वहीतले आकडे वहीतच राहिले असते तर ही चूक आम्हाला दिसलीच नसती. सोमवारी आकडा भरला आणि सोमवारीच रेघ खाली गेली, म्हणून दिसली. शाळेतल्या यंत्राचं काम हेच असावं असं मला वाटतं. मुलाला त्याची स्वतःची चूक लवकर दाखवणं, तीसुद्धा शिक्षकानं न ओरडता.

इथपर्यंत सगळं गोड होतं. खरा कस पुढे लागला.

माहिती गोळा करायचा फॉर्म मी तयार केला होता. (हो, मुलांच्या हाती सगळं दिलं म्हणतो आणि फॉर्म मात्र मीच केला. जुनी सवय.) त्यात शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, विहिरीची खोली आणि 'बोअर असल्यास खोली' असा रकाना होता. मुलांनी तो इमानेइतबारे भरून आणला. बोअर चारशे फूट, साडेचारशे, पाचशे. सप्टेंबरच्या सुरुवातीला एक शेतकरी शाळेत आले. त्यांची डाळिंबाची बाग आहे, डोक्यावर कर्ज आहे. ते भांडायला आले नव्हते, घाबरून आले होते.

"सर, बोअर पाचशे फूट आहे हे मी पोरीला घरचं माणूस समजून सांगितलं. उद्या हा कागद तलाठ्याकडं गेला तर?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे. कायदा भूजल वाचवण्यासाठीच आहे आणि तो पाळला जावा असंच मला वाटतं. पण कायदा मोडल्याचा पुरावा गोळा करायला मी चौदा वर्षांची मुलं गावात पाठवली होती, मला स्वतःला त्याची कल्पनाही नसताना. त्याच संध्याकाळी वरून निरोप आला की हा उद्योग बंद करा, नेहमीचे प्रोजेक्ट घ्या, मुलांचं आणि तुमचं नुकसान होणार नाही.

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन 'आपण आता इथंच थांबू' असं म्हणायची तयारी केली होती. म्हणालोही. तेव्हा तीच मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, उत्तर येईपर्यंतच प्रश्न आमचा होता का?"

यावर काय बोलणार?

मी मुख्याध्यापकांकडून आठ दिवस मागून घेतले आणि प्रश्न वर्गापुढे ठेवला. दोन तास वाद झाला. एक जण म्हणाला, बोअर गाळून टाकू. दुसरा म्हणाला, मग ते खोटंच होईल ना. शेवटी मुलांनी जे ठरवलं ते माझ्या डोक्यात आलं नसतं. आपला प्रश्न विहिरीच्या पाण्याचा होता, बोअरच्या खोलीचा नव्हता, तेव्हा तो रकाना विचारायचा आपल्याला हक्कच नव्हता. म्हणून तो पुसायचा. नावं आणि गट नंबर काढून विहिरींना नुसते आकडे द्यायचे. प्रत्येक मालकाला त्याच्या विहिरीचा ग्राफ आधी नेऊन दाखवायचा आणि ते 'हो' म्हणतील तरच तो सगळ्यांसमोर मांडायचा. तिघांनी नाही म्हटलं. त्यांच्या विहिरी यादीतून गेल्या. अकरा उरल्या.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दोन मुली आणि एक मुलगा, तिघांनी मिळून दहा मिनिटं बोलायचं ठरलं. प्रत्यक्षात वीस मिनिटं गेली, कारण लोक मधेमधे विचारत होते, "औंदा पाच नंबरचं पाणी एवढं कसं काय टिकलं?" चमत्कार वगैरे काही झाला नाही. कुणी बोअर बंद केली नाही, गावाचं हिवरे बाजार झालं नाही. फक्त दोन शेतकऱ्यांनी नंतर शाळेत येऊन विचारलं, "पुढच्या साली आमची हीर धरता का?" त्यातले एक ते डाळिंबवाले होते.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर? ते अर्धंच मिळालं. नाल्यावरच्या बांधाच्या खालच्या अंगाला असलेल्या विहिरी जास्त टिकल्या, पण सगळ्या नाही. मुलांनी शेवटच्या पानावर लिहिलं, 'नक्की कारण कळले नाही. अजून दोन पावसाळे मोजावे लागेल.' 'पाणी हे जीवन आहे' या चाळीस निष्कर्षांनंतर मी वाचलेला हा पहिला खरा निष्कर्ष. मी पूर्ण मार्क दिले. स्टाफरूममध्ये त्यावरही चर्चा झाली, उत्तर सापडलं नाही तर मार्क कशाचे? असो.

आमच्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की पुणे जिल्ह्यातला शिरूर तालुका लागतो, त्यात पाबळ. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधकाचं काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. गावाची खरी कामं करता करता शिकायचं, हे त्याचं सूत्र. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं तिथं फॅब लॅब आली, तेव्हा मुलांच्या हातांना वीस वर्षं कामाची सवय होती. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी काम, मग यंत्र. आपण बहुतेक ठिकाणी यंत्र आधी आणतो आणि मग त्याला काम शोधत बसतो.

"एवढा वेळ कुठून आणायचा?" हा प्रश्न शिक्षकमित्र विचारतात आणि तो खोटा नाही. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, रोज मागितल्या जाणाऱ्या माहित्या, त्यात पोर्शन. पण हिशोब सांगतो. जून ते ऑक्टोबर मिळून वर्गातले दहा-बारा तास गेले. सरासरी आणि आलेख गणितात झाले, मुलाखत मराठीत झाली, खडक भूगोलात झाला. मोजणी रविवारी सकाळी. ज्या मुलाला फक्त दुसऱ्याच्या जिवावर मार्क मिळवायचे असतात, त्याच्यासाठी उपाय एकच होता. प्रत्येक जोडीच्या नावावर एक गोष्ट, कुणाची विहीर, कुणाचं पर्जन्यमापक, कुणाकडे जुन्या माणसांचं बोलणं, आणि तोंडी परीक्षेत एकच प्रश्न: "हा आकडा घेतलास तेव्हा तिथं काय दिसलं?" याचं उत्तर दुकानात मिळत नाही. मोबाईलही ते देऊ शकत नाही, कारण तो विहिरीवर गेलेला नसतो.

माझं मत एवढंच आहे. मुलांच्या हाती प्रकल्प द्यायचा असेल तर प्रश्नाबरोबर उत्तरही त्यांच्या हाती द्यावं लागतं, ते गैरसोयीचं निघालं तरी. ते झेपणार नसेल तर सरळ धडा शिकवावा, त्यात कमीपणा नाही. पण प्रकल्प म्हणायचं आणि निष्कर्ष आधीच छापून ठेवायचा, हे मात्र नको. आणि शिक्षकाचं काम यात कमी होत नाही, वाढतं. कुठली विहीर धोक्याची आहे, कुठला रकाना कुणाला अडचणीत आणेल, हे आधी ओळखायचं काम माझं होतं. तिथं मी चुकलो आणि मुलांनी सावरलं.

त्या दिवशी दुकानातून बाहेर पडताना त्या गृहस्थांना काहीतरी सांगावं असं वाटत होतं. पण सांगितलं नाही. त्यांना सांगून काय उपयोग, सांगायचं ते आम्हा शिक्षकांनाच.

ती मुलं दहावी होऊन गेली. दोर आणि टेप शाळेच्या कपाटात आहे. यंदाच्या नववीनं जूनमध्ये स्वतःहून येऊन विचारलं, "सर, दोर देता का?"